श्रुतिमंदिराचा कठडा

श्रुतिमंदिराच्या मागच्या जिन्यावरून शामला तरातरा खाली उतरली. तळपायाची आग मस्तकाला गेली होती. बाहेर मावठ्याचा पाऊस लागला होता, हवेत बोचरा गारठा होता, आणि आत गाण्याच्या मध्यंतराचा चहा फिरत होता. फिरत होता म्हणजे पुरुषांत! वरच्या सज्जात बायकांपर्यंत तो पोचायचा तेव्हा पोचणार होता.

अंगणात पन्हळीजवळ एक तरुण उभा होता. हातात छत्री होती, पण मिटलेली. हा भला माणूस मान वर करून छपराकडे बघत खुशाल भिजत होता.

"अहो, छत्री उघडायची असते," शामला म्हणाली. रागात असली की तिला आपलं-परकं कळत नसे.

"उघडली तर छप्पर दिसत नाही," तो म्हणाला. "गळतंय का ते बघतोय."

"छपराचं जाऊ द्या. भिंत मात्र फार सुरेख आहे हं या सभागृहाची."

त्याचा चेहरा खुलला. "कोणती? रंगमंचामागची?"

"नाही. आमच्या नाकासमोरची."

"म्हणजे...?"

"म्हणजे वर सज्जात बायका बसतात, ठाऊक आहे ना? जाजमावर बसतात. आणि जाजमावर बसलं की समोर क्या? पत्थर! दगडी कठडा. चिकाचा पडदा आहे, त्यातून दिसलंही असतं, पण तो सुरू होतो आमच्या डोक्याच्या वर. बुवांचा फेटासुद्धा दिसला नाही. मघाशी खाली सगळे 'वाहवा, वाहवा' करून उठले. का उठले? बुवांनी काय केलं? तबलजीकडे बघून हसले, की हात तसाच हवेत ठेवला? आम्हाला काय माहीत! आम्ही दगडातले दाणे बघत बसलो होतो."

"पण गाणं तर ऐकू आलं ना?" त्याने हळूच विचारलं.

"असं? मग पुरुषांना पुढच्या खुर्च्या कशाला लागतात? डोळे मिटून इथे अंगणात बसा की!"

तो हसला. हसताना त्याच्या पापणीवरचा पावसाचा थेंब गालावर ओघळला. शामलाला तो दिसला, आणि आपल्याला तो दिसला याचा तिला आणखीच राग आला.

"हसताय काय? रंगमंचावरचा तो मखमलीचा पडदा आम्ही बायकांनी भरलाय. अख्खा चातुर्मास सुया टोचून घेतल्या बोटांत. आणि भरणाऱ्या बायकांनाच तो दिसत नाही! ज्या कोणा शहाण्याने ही इमारत बांधली ना, त्याला एकदा—"

"गुळवणी!" दारातून शामलाच्या वडिलांनी, रघुनाथरावांनी, हाक मारली. ते श्रुतिमंदिराच्या मंडळाचे चिटणीस. "अहो लक्ष्मीकांतराव, दौलतसिंह सरदार शोधताहेत तुम्हाला! सत्कार आहे ना तुमचा आत्ता?"

शामला एक पाऊल मागे सरली. तरुणाने छत्री उघडली आणि तिच्या पुढे धरली.

"घ्या. माझं छप्पर बघून झालं. गळत नाही." मग खालच्या आवाजात, "कठड्याचं मात्र... बोलू आपण."

तिने छत्री घेतली नाही. भिजत जिना चढली आणि उरलेली मैफल दगडाकडे बघत ऐकली. कान लाल झाले होते, ते थंडीने नव्हे.

तर असा हा लक्ष्मीकांत गुळवणी. टोपी बाजारातल्या भिक्षुकाचा मुलगा, मुंबईला जाऊन वास्तुविद्या शिकून आलेला. परत आला तो नुसती घरं बांधायला नाही. खासगी बाजारात त्याने छापखाना टाकला आणि 'पाया' नावाचं मासिक काढलं, घर कसं बांधावं हे साध्या मराठीत सांगणारं. संध्याकाळी त्याच जागेत नकाशे काढायला शिकवणारा वर्ग. आणि मग हे श्रुतिमंदिर. आमच्या या लष्कर शहरात घरोघरी गाणं, पण मोठ्या गवयाची मैफल म्हणजे सरदारांच्या दिवाणखान्यात, निमंत्रण असेल त्याला. हा दारोदार फिरला आणि म्हणाला, टांगेवाल्यालाही आत येता येईल अशी जागा बांधू या. लोक म्हणत, एका माणसाने किती घोड्यांवर बसायचं! पण घोडी पळत होती, हे खरं. नाही कशाला म्हणा?

माणूस गुणी होता. पण गुणी माणसाची चूकही गुणी निघते, हे लष्कराला लवकरच कळायचं होतं.

*

पुढच्या महिन्याचा 'पाया' घरी आला. रघुनाथरावांनी चष्मा पुसून पहिलं पान मोठ्याने वाचलं: "श्रुतिमंदिर! जेथे प्रत्येक आसनावरून रंगमंच स्पष्ट दिसतो."

स्वयंपाकघरात शामलाच्या हातातली पळी तशीच राहिली.

"आबा, बघू तो अंक."

लेखाखाली आकृती होती. इमारत मधोमध कापली तर आतून कशी दिसेल, तशी. खाली खुर्च्यांवर माणसं, वर सज्जात माणसं, आणि प्रत्येकाच्या डोळ्यापासून रंगमंचापर्यंत एकेक सरळ रेघ. सज्जातली माणसंसुद्धा खुर्च्यांवर! आणि मिशावाली!

आता तुम्हीच सांगा, बायकांच्या सज्जात मिशा! शामला तशीच उठली, आत्याला उठवलं आणि खासगी बाजाराची वाट धरली. आत्या म्हणजे शांताताई, रघुनाथरावांची थोरली बहीण. तिला गाण्याचं वेड आणि गुडघ्याचं दुखणं, दोन्ही सारखंच जुनं.

छापखान्यात लक्ष्मीकांत एकटाच होता. हात शाईने काळे, कपाळावर शाईचं बोट.

"या! बसा, बसा..." त्याची नजर खुर्च्या शोधू लागली.

"हेच," शामला म्हणाली. "हेच चुकतं तुमचं! आलं माणूस की खुर्ची." तिने अंक टेबलावर आपटला. "ही माणसं कोण?"

"श्रोते."

"सज्जात मिशावाले श्रोते कुठून आले?"

"ते... आकृतीत माणसं अशीच काढतात. मुंबईत असंच शिकवलं."

"मुंबईत शिकवलं म्हणून लष्करच्या बायका खुर्चीवर बसल्या? तुमची आई कशावर बसते हो घरी?"

"...पाटावर."

"आणि गाण्याला गेली तर?"

"जाजमावर."

"मग तिचे डोळे कुठे येतात? कठड्याच्या वर की खाली?"

कपाळावरचं शाईचं बोट त्याने पुसायला घेतलं आणि जास्तच पसरवलं.

"वर खुर्च्याच मांडल्या तर?" तो चाचरत म्हणाला.

"सासूसमोर खुर्चीवर कोणती सून बसेल आपल्यात? बिल्कुल नाही बसणार."

"मी बसेन हो," आत्या मधेच म्हणाली. "मला आता सासू कुठली! पण उठवायला दोघी लागतील."

लक्ष्मीकांतला हसू आलं. शामलालाही आलं असतं, पण तिने ते दाताखाली दाबलं.

"बांधून झाल्यावर वर बसून बघितलंत का एकदा तरी?"

"बायकांची जागा... बायका असताना कसा जाऊ?"

"रिकामी असताना?"

"बघितलं ना. उभं राहून."

"उभं राहून!" शामलाने कपाळाला हात लावला. "उभं राहून काय, किल्ल्याचा दरवाजासुद्धा दिसेल!"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही रागावलात की नकाशा फार छान समजावता. माझ्या वर्गात याल?"

"शिकायला?"

"शिकवायला."

तिच्या गालावर रंग चढला. एवढ्यातेवढ्यावर चढणाऱ्यातली ती नव्हती, म्हणून तिने पदर सारखा केला. "आधी कठड्याचं बघा. वर तिसऱ्या खांबाशी बसते मी. तिथून निदान समई तरी दिसू द्या."

"करतो काहीतरी," तो म्हणाला.

परतताना टांग्यात आत्या म्हणाली, "चांगला आहे."

"आत्या!"

"अगं, टांगा चांगला आहे म्हटलं. हादरे कमी बसतात." आणि लबाड बाई रस्त्याकडे बघत गुणगुणू लागली.

*

वसंतपंचमीच्या मैफलीला शामला पिवळी साडी नेसून गेली. मनाशी म्हणाली, सणाची साडी आहे, कोणासाठी नव्हे. जिना चढून तिसऱ्या खांबाशी आली आणि थबकली.

कठडा तसाच होता. तेवढाच उंच, तेवढाच आडमुठा. फक्त तिसऱ्या खांबाशी, ती बसते बरोब्बर तिथे, दगडात वीतभर खिडकी कोरली होती. वर छोटीशी कमान, बाजूंनी वेल. खाली बसलं की रंगमंच समोर, अगदी तंबोऱ्याच्या खुंट्यांसकट.

बस्स! एकच. अख्ख्या सज्जात एकच.

"अगंबाई!" तिची मैत्रीण विमल किंचाळली. "सब के लिए दीवार, और शामला के लिए खिडकी! काय गं, कधीपासून चाललंय हे?"

बायका वळल्या. हसू या टोकापासून त्या टोकाला गेलं. कोणी कोपर मारलं, कोणी खोकलं. मागून एक आजीबाई म्हणाल्या, "मुली, सरक जरा, मला बघू दे तुझ्या खिडकीतून." मग आणखी एक. मग तिसरी. गाणं सुरू झालं तरी धक्काबुक्की चालूच, आणि प्रत्येक जण 'शामलाची खिडकी' म्हणतेय! त्या गदारोळात बुवांचा पहिला खयाल कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, देवाला ठाऊक.

शामला खिडकीकडे पाठ करून बसली. खाली रंगमंचाच्या बाजूला उभा राहून लक्ष्मीकांत मोठ्या आशेने वर बघत होता. त्याला पिवळा पदर दिसला आणि अंबाडा दिसला. पूर्ण मैफलभर अंबाडाच दिसला.

मैफल संपल्यावर तो अंगणात तिची वाट बघत होता. "दिसलं...?"

"काय चेष्टा मांडलीय तुम्ही?"

"चेष्टा?" त्याचा चेहरा पडला. "ती खिडकी मी स्वतः कोरलीय. पाथरवटाकडून छिन्नी मागून घेतली. हे बघा..." त्याने अंगठा पुढे केला. चिंधी बांधलेली, नख निळंकाळं पडलेलं.

शामलाचा हात आपोआप पुढे गेला. अर्ध्यावर तिने तो मागे घेतला.

"माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी."

"आणि विमलसाठी? आत्यासाठी? त्या आजीबाईंसाठी? त्या काय भिंत बघायला येतात?"

"खरं सांगू? कोरताना दुसरं कोणी डोक्यात आलंच नाही. तुम्हीच होतात..."

पाऊस नव्हता, वारा नव्हता, तरी शामलाच्या अंगावर शहारा आला. मग ती एकदम बोलली.

"आवडलं मला. हो, सांगते, लपवत नाही. अंगठा ठेचेपर्यंत माझ्यासाठी कोणी दगड फोडला, हे आवडलं. म्हणूनच तर जास्त राग येतोय! मी सगळ्यांचं गाऱ्हाणं घेऊन आले होते, गुळवणी. तुम्ही मला एकटीला खिडकी देऊन गप्प बसवलंत. उद्यापासून मी कठड्याबद्दल तोंड उघडलं तर बायका म्हणतील, तुला काय कमी आहे गं, तुझी सोय झाली की!"

"असं नव्हतं माझ्या मनात."

"मनात काय होतं ते कळलं मला. उद्या सकाळी वर येऊन बसा. जाजमावर. मी रंगमंचावर उभी राहते."

*

सकाळी सभागृह रिकामं. पहिल्या रांगेत आत्या शेंगदाणे खात बसली होती, राखणीला. शामला रंगमंचावर उभी, आणि वर कठड्यामागे लक्ष्मीकांत.

"बसलात?"

"बसलो."

"मांडी घालून? खिडकीतून बघायचं नाही हं! दुसऱ्या खांबाशी सरका."

"सरकलो."

"दिसते का मी?"

वरून आवाज आला, "नाही."

"हात वर केलाय आता."

"नाही दिसत."

"आता मी वाकुल्या दाखवतेय."

"ते न बघता कळतंय."

आत्याला शेंगदाण्याचा ठसका लागला. शामला हसली. मग जिन्यावर पावलं वाजली, अगदी सावकाश. लक्ष्मीकांत खाली आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "शाळकरी पोराने चुकावं तसं चुकलं."

"मग फोडा की कठडा."

"तो फोडू. पाथरवट चार दिवसांत खाली आणतील. पण ती आकृती... ती मी वर्गात शिकवलीय. प्रत्येकाने उतरवून घेतलीय. माझ्याकडे शिकलेला रमाकांत ती घेऊन उज्जैनला गेलाय, तिथे सभागृह बांधतोय. शिवपुरीहून कोणी तरी मागवलीय. 'पाया'त छापून आलंय ना, म्हणजे बरोबरच असणार, असं समजतात लोक."

"मग 'पाया'तच छापा, चुकलं म्हणून."

लक्ष्मीकांत मान वर करून छपराकडे बघू लागला. शामलाने त्याच्याकडे नीट बघितलं. एवढा वेळ वाटत होतं की आता सगळं सरळ झालं, आणि तिथेच गाडी अडली.

*

ती का अडली, ते ऐका. दौलतसिंह सरदार मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्याच हातून श्रुतिमंदिराचं उद्घाटन झालेलं. त्यांना न विचारता छापायचं कसं? गोष्ट कानावर जाताच त्यांनी लक्ष्मीकांतला बोलावून सांगितलं, "कठडा काय उतरवायचा तो उन्हाळ्यात गुपचूप उतरवा. पण छापायचं नाही एक अक्षर. मी भाषणात सांगितलंय, हिंदुस्थानात असं सभागृह नाही म्हणून. आता आमचंच नाक कापून घ्यायचं? आणि हो, मुलींची नवी शाळा बांधायचीय. ते काम तुम्हालाच द्यायचं मनात आहे."

मुलींची शाळा! लक्ष्मीकांत कधीपासून त्याचीच वाट बघत होता. त्या कामावर छापखाना चालला असता, वर्ग चालला असता, मासिक चाललं असतं.

शाळेची बातमी रघुनाथरावांना कळली आणि त्यांनी पंचांग काढलं. पत्रिका जुळल्या. रविवारी बघण्याचा कार्यक्रम ठरला.

"अगं, मुलींच्या शाळेचं काम मिळतंय त्याला," रघुनाथराव हरखून म्हणाले. "सोन्यासारखं स्थळ!"

"त्या शाळेत मुलींना फळा तरी दिसेल का, ते विचारलंत?" शामला म्हणाली. रघुनाथराव म्हणाले, ही मुलगी सासरी दोन दिवस टिकायची नाही.

रविवारी लक्ष्मीकांत आला, सोबत त्याची आई. पोहे झाले, चहा झाला. लक्ष्मीकांतच्या आईने कौतुकाने विचारलं, "मुलीला काही विचारायचंय का हो?"

एरवी मुलगी मान खाली घालते, नखाने सतरंजी टोकरते. शामलाने मान वर केली.

"पुढच्या अंकात काय छापताय?"

रघुनाथरावांच्या हातातली बशी खडखडली. "शामला!"

"विचारू द्या," लक्ष्मीकांत म्हणाला. "शामलाबाई, छापलं तर शाळा जाईल. वर्ग बंद पडेल कदाचित. लोक म्हणतील, ज्याला सज्जा बांधता येत नाही तो घर काय बांधणार?"

"आणि नाही छापलं तर?"

तो तिच्याकडे बघून कसनुसं हसला. "तर सगळं मिळतंय. शाळा... आणि तुम्हीसुद्धा."

"मी नाही मिळणार."

शामला उभी राहिली.

"दगडाचा कठडा फोडता येतो. छापलेला कठडा कोण फोडणार? उज्जैनला बायका बसतील दगडासमोर, शिवपुरीला बसतील, आणि म्हणतील, मोठ्या माणसाने काढलंय, आपल्यालाच नीट बसता येत नसेल! तुम्ही घाबरलात, याचा राग नाही मला. घाबरतं माणूस. पण चूक कळून गप्प बसायचं, आणि वर माझा हात मागायचा? मी अशा घरात येणार नाही. मला तुम्ही हवे आहात, म्हणून येणार नाही."

एवढं बोलून ती आत गेली आणि स्वयंपाकघराच्या दाराआड पदर तोंडात कोंबून रडली. हवा होता तिला तो. त्याचं हसणं हवं होतं, शाईने माखलेलं कपाळ हवं होतं. हातचं सोडून दिलं तिने, आणि बाहेर वडील पाहुण्यांची क्षमा मागत होते. का मागायची त्यांनी क्षमा? कोणाचं काय चुकलं होतं?

लक्ष्मीकांतची आई जाताना आत डोकावली. शामलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "मी गेले होते बाळ, पहिल्या मैफलीला. मुलाने बांधलंय म्हणून. मलाही काही दिसलं नव्हतं. त्याला सांगायचा धीर झाला नाही."

*

पाडव्याचा 'पाया' आला तो रघुनाथरावांनी उघडलाच नाही. चार-पाच दिवस तो तसाच पडून होता. मग आत्याने उघडला, वाचला आणि न बोलता शामलाच्या पोळपाटावर ठेवला.

पहिल्याच पानावर तीच आकृती, तिच्यावर आडवी जाड फुली. शेजारी नवी आकृती: जाजम, जाजमावर लुगडं नेसलेल्या बायका, आणि गुडघ्याच्या वर जेमतेम येणारा कठडा. त्यावर नाजूक जाळी. खाली लिहिलं होतं:

'श्रुतिमंदिराच्या सज्जात बसून रंगमंच दिसत नाही. ही चूक माझी आहे, कारागिरांची नाही. तेथे बायका जाजमावर बसतात, मी आकृतीत पुरुष खुर्च्यांवर बसवले. माझी स्वतःची आई पाटावर बसते, हे मी नकाशा काढताना विसरलो. ज्यांनी माझी जुनी आकृती उतरवून घेतली असेल त्यांनी ती फाडून टाकावी. ही चूक एका श्रोत्या बाईंनी मला दाखवून दिली. त्यांचा मी ऋणी आहे.'

शामलाने दोनदा वाचलं. पोळी तव्यावर करपली.

"आत्या, ऊठ."

"गुडघा दुखतोय गं."

"दुखू दे!"

खासगी बाजारात पोचेपर्यंत तिला टांगेवाल्याकडूनच सगळं कळलं. "बाईजी, गुळवणी साहब की तो छुट्टी हो गई. सरदार साहब बहुत बिगडे हैं. स्कूल का काम किसी और को दे दिया."

छापखान्यात लक्ष्मीकांत अंकांचे गठ्ठे बांधत होता. त्याला बघितलं आणि शामलाचा बांध फुटला.

"दिलं काम दुसऱ्याला? खरं बोललात म्हणून? आणि ते मोठे अध्यक्ष! त्यांना लाज नाही वाटत? चोर सोडून संन्याशाला फाशी! मी जाते त्यांच्या वाड्यावर, विचारते—"

"तुमच्याआधी गेल्या बायका," तो म्हणाला. "विमलताईंनी घरोघर अंक वाचून दाखवला म्हणे. आज सकाळी सरदारांच्या घरातूनच निरोप आला, बाईसाहेबांचा. कठडा उतरेपर्यंत आमच्याकडची एकही बाई गाण्याला येणार नाही, म्हणून. दुपारपासून पाथरवट कामाला लागताहेत."

"आणि शाळा?"

"शाळा गेली." त्याने सुतळीची गाठ मारली. "दोन घरांची कामं होती, तीही गेली. उज्जैनहून रमाकांतची तार आलीय, काम थांबवलंय म्हणतो, नवी आकृती पाठवा. तेवढं एक बरं झालं." मग गाठीकडेच बघत म्हणाला, "वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू! पण झोप लागते आता."

शामलाचे डोळे भरून आले. ती एक पाऊल पुढे आली... आणि तिला काहीतरी आठवलं. भिवया पुन्हा जुळल्या.

"पण हे काय? 'एका श्रोत्या बाईंनी'! कोण ही एक बाई? तिला नाव नाही? इतकी भांडले मी, वडिलांची बोलणी खाल्ली, आणि छापायची वेळ आली की 'एक बाई'?"

"लग्न न झालेल्या मुलीचं नाव छापायचं, म्हणजे तुमच्या घरी..."

"माझ्या घरचं मी बघेन. नाव पाहिजे मला. पुढच्या अंकात, मोठ्या टाईपात!"

"छापतो." लक्ष्मीकांतने सुतळी खाली ठेवली. त्याच्या डोळ्यांत कुठेतरी हसू जागं झालं होतं. "फक्त एक विचारायचंय. आता माझ्याकडे ना शाळा, ना सरदार. उद्या वर्गही राहील की नाही कोण जाणे. तरीही विचारतो... नावापुढे आडनाव कोणतं छापू?"

दाराशी आत्या एकदम गुडघा चोळण्यात गुंग झाली.

रस्त्यावरून एक टांगा गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत शामला नुसती त्याच्या शाईच्या हातांकडे बघत राहिली. मग तिने तो काळा हात आपल्या स्वच्छ हातात घेतला.

"गुळवणी छापा," ती म्हणाली. "पण छापायच्या आधी प्रत्येक पान मला दाखवायचं. प्रत्येक! आणि नकाशासुद्धा."

"रोज भांडाल?"

"रोज."

"आबांना काय सांगायचं?" त्याने घाबरत विचारलं.

"रघुनाथाला मी बघते," आत्या दारातून म्हणाली. "तुम्ही आधी हिच्या हाताची शाई धुऊन द्या. घरी गेल्यावर काय सांगू मी, अंक चाळताना लागली म्हणून?"

शाई धुतली नाही ती नाहीच. शामलाने धुऊच दिली नाही.